गंगव्वाचं मडकं

मादन हिप्परग्याच्या अलीकडच्या एका गावात गंगव्वा पंचायतीची मेंबर होती. तशी ती मिरचीवाली. बावीस वर्षं सोमवारच्या बाजारात लिंबाखालची जागा तिची. मिरचीचा भाव सांगताना बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण पंचायतीत हात वर करायच्या आधी धोंडप्पाकडं बघायची. बघायचे सगळेच. धोंडप्पा वयानं थोरले. त्यांचा हात गेला की तेराच्या तेरा हात वर. अशानं गावाचं काय झालं म्हणून सांगू! मसणवट्यात दिवे लागले आणि शाळेपुढं अंधार राहिला. विचारावं, तर जो तो म्हणे, सगळ्यांनाच पाहिजे होतं.

मग अध्यक्ष बसवप्रभूंनी ठराव काढला, की बाजार गावाबाहेर डांबरी रस्त्याला न्यायचा. गंगव्वाचे गुडघे धरलेले, तिथवर पोतं कोण नेणार? लिंबाखालची जागा गेली की तिचा धंदाच बसणार होता. ती मेंबरांच्या घरोघर फिरली. पहिला म्हणाला, मला कुठं पटलंय, पण बाकीच्यांना पाहिजे. दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही तेच. चौथ्याच्या उंबऱ्यात ती कपाळाला हात लावून बसली.

बैठकीला ती एक मडकं आणि सुपात तूर-ज्वारी घेऊन आली. म्हणाली, "हात वर करायचे न्हाईत. दोन्हीचा एकेक दाणा घ्या. बाजार न्यायचा असंल तर तूर टाका, ऱ्हायचा असंल तर जवारी. मूठ झाकून."

हा काय पोरखेळ, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं. पण धोंडप्पांनी दाणे उचलले. मग काय, सगळ्यांनीच उचलले.

मडकं उपडं केलं. तेरा दाणे, तेराही ज्वारीचे.

"अण्णा, ठराव तुमचा," गंगव्वा बसवप्रभूंना म्हणाली, "मग तुमी कामून जवारी टाकलाव?"

बसवप्रभू खाली बघून म्हणाले, "अप्पा परवा बाजारात गर्दीला शिव्या देत होते. मला वाटलं, त्यांना पाहिजे."

"माज्या पायावर म्हैस उभारली होती," धोंडप्पा म्हणाले. "बाजार हलवा म्हनून मी कवा म्हनलो? मला वाटलं, तुलाच पाहिजे."

गंगव्वाला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. लिंबाखालची जागा राहिली.

आता दर ठरावाला मडकंच ठेवावं, असं कुणीतरी सुचवलं. मान्य असणाऱ्यांनी हात वर करा, असं अध्यक्ष सवयीनं बोलून गेले, आणि धोंडप्पांसकट बारा माना गंगव्वाकडं वळल्या. बाईचा हात निघालाच होता. तो तिनं चटकन पदराखाली घेतला आणि दुसऱ्या हातानं मडकं पुन्हा मधोमध सरकवलं.