काकांच्या नावापुढच्या खुणा

चेंडूताईला काळजी करायला कारण लागायचं नाही. कारण सापडलं नाही की तिला त्याचीच काळजी वाटायची, की आपण नक्की काहीतरी विसरतोय. वृद्धाश्रमात ती आधी चादरी बदलायच्या कामावर होती. मग म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी तासभर बसल्या बसल्या खेळवायचं असं कुणीतरी ठरवलं, आणि ते काम कुणालाच नको होतं म्हणून हिच्या गळ्यात पडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

खेळ म्हणजे हॉलमध्ये सोळा खुर्च्यांचा गोल. खुर्च्या हातांच्या, कुणी बाजूला कललं तर सावरायला. प्रत्येक पायाला रबराचं बूच आहे ना, हे ताई रोज वाकून बघायची, काल बघितलेलं असलं तरी. कधी फुगा उडवायचा, कधी पाणी भरलेल्या बाटल्या चेंडूने पाडायच्या. पण सगळ्यांचा लाडका खेळ नावांचा. ताई गोलाच्या मधोमध उभी राहून मऊ चेंडू टाकणार, ज्याच्याकडे येईल त्याने तो झेलून एक नाव घ्यायचं. प्राणी तर प्राणी, कपडे तर कपडे, आणि आधी कुणी घेतलेलं नाव चालणार नाही. पोरखेळ वाटतो ना? वाटू दे. ऐंशी ओलांडल्यावर खेळून बघा आणि मग बोला.

ह्या खेळाची एक वही होती. जमलं तर बरोबरची खूण, नाही जमलं तर फुली. आणि ह्या वहीनेच ताईची झोप उडवली होती, कारण वरच्या मजल्यावर कुणाला हलवायचं ते वही बघून ठरायचं. ज्यांना आता कशाचाच मेळ लागत नाही त्यांच्यासाठी वरचा मजला. दाराला आकड्यांचं कुलूप, बागेत उतरणं बंद, खालच्या माणसाला वर भेटायला दिवसातून एकच तास. नवराबायकोसाठी तिथे कोपऱ्यात दोघांची खोली होती, पण दोघंही वरचे असले तरच.

ताईचा जीव अडकला होता तो पेंटरकाका आणि काकूंत. काकांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. शिडीवर चढायचं, डबा कोपराला अडकवायचा आणि हातभर उंचीचं अक्षर एका दमात ओढायचं. पुढे छापील पाट्या आल्या आणि धंदा बसला, तर हे बस डेपोत जाऊन गाड्यांवर नंबर घालायला लागले. काकू त्या काळात शिडी धरून खाली उभ्या राहायच्या आणि अक्षर तिरपं झालं म्हणून ओरडायच्या.

"अठ्ठेचाळीस वर्षं चुका काढल्या हिने माझ्या," काका सांगायचे. "एकही खरी निघाली नाही."

"खरी निघाली की लगेच पुसून टाकायचात ना तुम्ही," काकू म्हणायच्या, आणि गोलातली सगळी हसायची.

हे बोलणं चार वर्षांपूर्वीचं. गेल्या सहा महिन्यांत काकांचं बिनसलं होतं. दोघांच्या खुर्च्या कायम शेजारी, आधी काका, मग काकू. चेंडू काकांकडे गेला की ते आधी काकूंकडे झुकायचे, काहीतरी पुटपुटायचे, आणि मग त्यांच्या हातून चेंडू सटकायचा. प्राण्याचं नाव घ्या म्हटलं तर म्हणायचे "बादली". एकदा तर चेंडू डोक्यावर ठेवून बसून राहिले. हशा पिकायचा. त्या हशातच पुढचा चेंडू काकूंकडे जायचा आणि काकू हळूच म्हणायच्या, "ससा." काकूंच्या नावापुढे बरोबरची खूण.

ताईला वाटे, काका बिचारे बायकोला उत्तर विचारतात, ती सांगते, आणि तरी ह्यांच्या ध्यानात राहत नाही. फुली मारायला पेन उचललं की तिला कुलूपवालं दार दिसे, आणि खाली बाकावर एकट्या बसलेल्या काकू दिसत. म्हणून तिने काकांच्या नावापुढेही बरोबरच्याच खुणा मारल्या. आधी एक, मग आठवडाभर, मग सहा महिने. सरळमार्गी बाई ती, आयुष्यात कधी उशीही इकडची तिकडे केली नव्हती. रोज वही कपाटात ठेवली की ती कपाटाचं दार दोनदा ओढून बघायची.

आणि सोमवारी मॅनेजरबाईंनी सांगितलं, "गुरुवारी डॉक्टर खेळाच्या तासाला बसणार आहेत. वही समोर ठेवून एकेकाला बघतील."

झालं. तीन दिवस ताईचा डबा भरलेलाच घरी परत गेला. घरी तिची बहीण म्हणाली, "अगं, परीक्षा म्हाताऱ्यांची आहे का तुझी?" बुधवारी तिने काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, उद्या काकांना जरा मोठ्याने सांगा हं उत्तर." काकू गोड हसल्या आणि म्हणाल्या, "हो हो, सांगते की." ताईला तेवढाच धीर आला.

गुरुवारी डॉक्टर आले. तरुण होते, वागायला चांगले होते, आणि तेच वाईट होतं, कारण त्यांना सगळं नीट बघायचं होतं. गोलाकडे एक नजर टाकून ते म्हणाले, "शेजाऱ्यांची जरा अदलाबदल करू या. जोड्या नकोत." काकूंची खुर्ची गोलाच्या पलीकडे गेली. काका तिकडे बघतच राहिले. संपलं आता, ताईला वाटलं.

"स्वयंपाकघरातल्या वस्तू," डॉक्टर म्हणाले.

ताईने चेंडू काकांकडे टाकला, होता होईल तेवढा हळू. काकांनी नजर काकूंवरच ठेवून तो एका हाताने झेलला आणि म्हणाले, "किसणी." परत टाकला तोही बरोबर तिच्या ओंजळीत. ताईला आधी कळलंच नाही काय झालं ते. किसणी? तिला हायसं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. त्याच आनंदात तिने चेंडू काकूंकडे टाकला.

चेंडू काकूंच्या मांडीवर पडला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, त्यावरून हात फिरवला, इकडेतिकडे बघितलं. शेजारी काका नव्हते.

"काकू, स्वयंपाकघरातलं काहीतरी," ताई म्हणाली.

"हे कुणाचं आहे?" काकू म्हणाल्या. "कुणीतरी विसरून गेलंय. द्या बाई ज्याचं त्याला."

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. ताईला तेव्हा कळलं. सहा महिने काका झुकायचे ते विचारायला नव्हे, सांगायला. चेंडू पाडायचे, बादली म्हणायचे, डोक्यावर घेऊन बसायचे, ते सगळ्यांनी आपल्याकडे बघावं म्हणून, बायकोकडे कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. आणि आपण अकरा वर्षांच्या जाणत्या, आपण भलत्याच माणसाला वाचवत बसलो. तिला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"पुन्हा एक फेरी," डॉक्टर म्हणाले.

चेंडू काकांकडे गेला. काकांनी ह्या वेळी ताईकडे बघितलं. हात उचललेच नाहीत. चेंडू छातीवर आपटून खाली घरंगळत गेला.

"आजोबा, स्वयंपाकघरातली वस्तू?" डॉक्टरांनी विचारलं.

"ससा," काका म्हणाले.

डॉक्टर थबकले. त्यांनी वहीची पानं मागे उलटली, पुन्हा पुढे उलटली. "आत्ताच तर ह्यांनी छान सांगितलं. आणि तुमच्या वहीत सहा महिने ह्यांची एकही फुली नाही. हे मुद्दाम तर करत नाहीत ना?"

काका खाली चेंडूकडे बघत होते. मांडीवरचे त्यांचे हात एकमेकांत घट्ट गुंतले होते. ज्या प्रश्नाला ताई सहा महिने भीत होती तो समोर येऊन उभा राहिला होता, आणि मॅनेजरबाई दारातच उभ्या होत्या.

"वही खोटी आहे, डॉक्टर," ताई म्हणाली. "काकांच्या खुणा मी माझ्या मनाने मारल्यात. मला दया आली म्हणून. सहा महिने त्यांना काही म्हणजे काही जमत नाही. हवं तर ह्या सगळ्यांना विचारा. मगाशी लागलं ते कधीतरी लागतं तसं लागलं."

"खरंय," गोलातल्या निवृत्त नर्सबाई म्हणाल्या. "रोज पाडतात."

डॉक्टरांनी दोन्ही नावांपुढे 'वर' असं लिहिलं. मॅनेजरबाईंनी पुढे येऊन ताईच्या हातातून वही काढून घेतली आणि सांगितलं की सोमवारपासून खेळ दुसरं कुणीतरी घेईल, ताईने चादरींकडे जावं. ताईने मान हलवली. ती एक खुर्ची ओढून काकांच्या शेजारी बसली. काकांनी तिच्या मनगटावर दोन बोटं टेकवली आणि काढून घेतली.

शुक्रवारी दोघांचं सामान वर, कोपऱ्यातल्या खोलीकडे निघालं. दोन पिशव्या आणि काकूंची उशी ताईनेच उचलून नेली. वरच्या नर्सने आकडे दाबून दार उघडलं. ती नव्या माणसाला पहिला प्रश्न नेहमी एकच विचारायची.

"काय आजी, आज वार कोणता?"

काकू काकांकडे बघायला लागल्या. काकांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आणि आजोबा, तुम्हाला माहितीये?"

"रविवार," काका म्हणाले, आणि दोघं आत गेले.