बिनशब्दांचे गाणे आणि केरबांचा संबळ

ज्या गाण्यात एकही शब्द नाही, त्याविषयी सांगण्यासारखे इतके साठावे, याचे मलाच नवल वाटते. परंतु माझा भाचा श्रीकांत गेली दोन वर्षे तुळजापुरात माझ्याच बैठकीच्या खोलीत फ्यूजनच्या रिहर्सल घेतो. तेव्हा किस्से साचणारच.

मंडळी चार. लॅपटॉपवर श्रीकांत, संबळावर केरबा गोंधळी, नुसता आकार लावायला मी आणि पेरू देशातून आलेला मातेओ. हा लाकडी खोक्यावर बसतो आणि तेच खोके हातांनी वाजवतो. केरबांचा उजवा हात तेव्हाच थरथरू लागला होता. तो सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते. हात थांबण्यापूर्वी आपला ठेका कुणाला तरी द्यावा, एवढीच त्यांची इच्छा.

*

पहिली रिहर्सल सकाळी आठला. मातेओला भूप हवा होता. भूप रात्रीचा राग आहे, असे सांगून मी नकार दिला. त्याने घड्याळ पाहिले आणि नम्रपणे म्हणाला, त्याच्या गावी आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत.

मी भूप गायले. वेळ कोणत्या देशाची धरावी, हे मला कुणी शिकवलेले नाही.

*

प्रत्येक आवर्तनानंतर केरबा क्षणभर थांबत. मातेओने तो क्षणही मात्रांत मोजला आणि त्यावर मोठ्या कष्टाने एक रचना बांधली. जळकोटच्या कार्यक्रमात केरबा थांबले आणि सारा मांडव गरजला, "उदो!" गोंधळात ती जागा देवीच्या जयघोषासाठी सोडतात, हे त्याला आम्ही कुणीच सांगितले नव्हते.

केरबा त्याला शांतपणे म्हणाले, "ती जागा तुमची न्हाय, पब्लिकची हाय."

*

केरबांच्या मुलाचे कळंबला मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. श्रीकांतने त्याला शिकण्यासाठी बोलावून आणले. केरबांनी तासभर तोंडाने बोल म्हटले. मुलाने ते सारे फोनमध्ये घेतले.

"अण्णा, सेव्ह झालं. आता शिकायचं काय ऱ्हायलं?"

पुढच्या एसटीने तो गेला. केरबांना कप धरवत नव्हता. मी पेल्यात अर्धाच चहा ओतून दिला.

*

शिकला तो मातेओच, अगदी शुद्ध. मग त्याचा व्हिसा संपला. निघताना तो केरबांच्या पाया पडला. केरबा एवढेच म्हणाले, "तिकडं संबळ मिळंल का?"

मिळत नाही.

*

गेल्या महिन्यात परंड्याला कार्यक्रम होता. केरबांच्या हातात काडी राहीनाशी झाली होती. म्हणून श्रीकांतने दोन वर्षांपूर्वीचे त्यांचेच रेकॉर्डिंग लॅपटॉपवर लावायचे आणि केरबांनी त्यावर माइकमध्ये बोल म्हणायचे, असे ठरले.

चार आवर्तने झाली आणि केरबा गप्प झाले. संबळ चालूच राहिला. श्रीकांत खुणा करू लागला. मी आकार लांबवला, लांबवला, शेवटी श्वास पुरेना, तेव्हा वाकून हळूच म्हटले, "केरबा, बोल म्हणा."

त्यांनी डोळे मिटले होते. माइक बाजूला सारून ते म्हणाले, "थांबा बाई. त्याला वाजवू द्या. लई चांगला हात हाय त्याचा."