देवमासा आणि पुढची जागा

देवमासा हा मासा नाही, हे मी हुलसूरच्या मराठी शाळेत चौथीच्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. तो पिलांना दूध पाजतो, श्वास घ्यायला वर येतो, श्वास सोडला की पाण्याचा फवारा उडतो. फळ्यावर चित्रसुद्धा काढून दाखवायची. आमच्या भागात पाणी म्हणजे मांजरा नदी, आणि तीही उन्हाळ्यात निम्मी वाळूच. मी समुद्रच पाहिला नव्हता, तर देवमासा कुठून पाहणार? पण चित्र काढताना दरवर्षी वाटायचं, एकदा तरी हा आपल्या डोळ्यांनी बघावा.

आमची मुलगी बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली आणि तिथून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. त्या वर्षांत आमच्या गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातलं एखादं पोर असं कुठंतरी गेलेलं होतं. मी निवृत्त झाले तेव्हा तिने फोनवर विचारलं, "आई, इथं आलीस की काय बघायचं हाय तुला?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "देवमासा." पलीकडून अप्पांचं काय, असा प्रश्न आला. अप्पांना विचारायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

अप्पा म्हणजे आमचे हे. तहसील कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण जन्मभर समोरचे लोक उठून उभे राहिले की जी सवय लागते, ती लागलेली. त्यांची समजूत अशी की मोठ्या बोटीवर खुर्च्या टाकलेल्या असतील, चहा येईल आणि देवमासा समोरून जाईल. मुलीने ठरवली होती ती मात्र कयाकची सहल. लांबट, अरुंद होडीतून स्वतः वल्हं मारत जायचं आणि रात्री बेटावर तंबूत झोपायचं. यांनी होडी बघितली आणि नुसतं "हं" म्हणाले. शेततळ्याच्या काठावर उभं राहायलाही कचरणारा माणूस तो.

पहिला घोळ किनाऱ्यावरच झाला. होडीत पाणी येऊ नये म्हणून कमरेला एक घेरदार रबरी कापड घालायचं आणि त्याची कड होडीच्या तोंडाला गच्च बसवायची. ते हातात घेऊन हे बराच वेळ उभे राहिले.

"घागरा घालायचा व्हय आता मी?"

"अप्पा, सगळेच घालायलेत," मुलगी म्हणाली.

ते घालून यांनी दोन्ही बाजूंना बघितलं, कुणी ओळखीचं नाही ना. हसू लपवायला मला पदर नव्हता, पंजाबी ड्रेस होता. म्हणून मी उघडच हसले.

मग जागेचा प्रश्न आला. आमची होडी दोघांची, एकामागे एक बसायची. आमच्यासोबतची गाईड म्हणजे विशीतली एक गोरी पोरगी; मुलगी तिच्या होडीत बसणार होती. तिने यांना मागे बसा अशी खूण केली.

"मी मागं? कामून?"

कचेरीच्या जीपमध्ये पुढची जागा साहेबांची असते. लग्न झाल्यापासून मीही यांच्या दोन पावलं मागेच चालत आलेली. हे सरळ जाऊन पुढे बसले. गाईड मुलीशी काहीतरी बोलली, मुलगी खुदकन हसली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आई, होडी वळवायचं मागच्याच्या पायात असतंय. अप्पांना सांगू नकोस."

खरंच माझ्या पायाशी दोन पट्ट्या होत्या. डावी दाबली की होडी डावीकडे, उजवी दाबली की उजवीकडे. हे पुढून हुकूम सोडायचे, "उजवीकडं घेऊ," आणि वल्हं मारायचे. मी मागून पट्टी दाबायची. होडी वळली की यांची मान ताठ व्हायची. "बघ, कशी शब्दाबाहेर न्हाई," असंही एकदा म्हणाले. मी म्हटलं, "व्हय की."

बेटावर अस्वलं होती. वासाची एकूण एक वस्तू तंबूबाहेर, बंद पिंपात ठेवायची असा नियम. माझ्या ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पिंपात गेली, टूथपेस्ट गेली, यांची खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा गेली. मग यांना शंका आली की डोक्याला लावलेल्या तेलाचं काय. गाईडला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. ती विचारात पडली. हे डोक्याला टॉवेल घट्ट गुंडाळून झोपले आणि सकाळी अस्वल आलं नाही याचं श्रेय टॉवेलला दिलं.

देवमासा मात्र दिसत नव्हता. दोन दिवस आम्ही नुसतं पाणी बघितलं. सहलीचा शेवटचा दिवस उजाडला तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. पुन्हा एवढ्या लांब मी कधी येणार होते?

त्या दिवशी पाणी अगदी शांत होतं. गाईडने एकाएकी वल्हं वर धरलं. थांबायची खूण. समोरून ट्रकचा एअर ब्रेक सुटावा तसा आवाज आला. यांच्या तोंडून "अगंगं" एवढंच निघालं. मी मान उंच केली, डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले. माझ्या समोर यांची पाठ होती, तिच्यावर फुगलेलं जाकीट होतं आणि त्याच्यावर मुलीने घेऊन दिलेली रुंद टोपी होती.

"दिसला," हे म्हणाले. आवाज कापत होता. "चल, मागं फिरू आता."

"मला न्हाई दिसला."

"मी बघितला न्हवं? घरी गेल्यावर सांगतो की सगळं."

तिरुपती यांनी बघितलं आणि मला सांगितलं. दिल्ली कचेरीच्या कामाने बघितली आणि मला सांगितली. मुंबईचा समुद्रसुद्धा मी यांच्या तोंडूनच ऐकलेला. सांगतात छान, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी मला भयंकर राग आला. हे एका बाजूने जोरजोरात वल्हं मारून होडी फिरवू लागले होते. मी उलट बाजूची पट्टी होती नव्हती तेवढी ताकद लावून दाबली. होडी जागच्या जागी अडखळली आणि अर्धवट वळून तशीच थांबली.

"अगं, होडी ऐकंना गेली."

"ऐकायलीय की. माझं ऐकायलीय. वळवायचं माझ्या पायात हाय. पहिल्या दिवसापासनं मीच वळवायलेय."

तेवढ्यात आमच्या उजव्या अंगाला पाणी फुगलं आणि काळी पाठ वर आली. येतच राहिली, संपेचना. फवारा उडाला, शिळ्या मासळीचा वास आला. मादी होती ती; तिच्या कुशीला लागून एक पिल्लू होतं, तेही वर आलं आणि त्याने आपला छोटासा फवारा सोडला. मला रडू फुटलं. आनंदाने रडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

"गेला का?" पुढून आवाज आला.

बघते तर यांनी मान पार डावीकडे वळवून डोळे गच्च मिटलेले. वल्हं छातीशी धरलेलं.

"न्हाई गेली. पिल्लू हाय संगं. डोळे उघडा की, अवो."

"न्हाई. तूच सांग. कसं हाय?"

मग मी सांगायला लागले. पाठ कशी, पिल्लू कसं, शेपटी वर आली तेव्हा पाणी कसं निथळत होतं, सगळं सावकाश सांगितलं. हे डोळे मिटून ऐकत होते आणि मी श्वास घ्यायला थांबले की विचारत होते, "मग?"