फळ्यावरचं उदाहरण

"उभी राहा." सरांनी माझ्याकडे खडू रोखला. भाईंदरची शाळा, नववीचा वर्ग, मराठीचा तास. मी उभी राहिले.

"आज अलंकार. उदाहरण समोरच आहे," म्हणत सरांनी फळ्यावर लिहिलं: ही सुक्या बोंबलासारखी घमघमते.

"उपमेय कोण?"

"ही!" अख्खा वर्ग.

"उपमान?"

"बोंबील!"

"दोघांत सारखं काय?"

"वास!"

वास येत होता, खोटं कशाला बोलू. आम्ही समुद्राकाठच्या तारोडी गावचे. दारात बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकायचे आणि शेजारच्या दोरीवर माझा गणवेश. ऊन एकच, वारा एकच. आई सुकवायची, आईच बाजारात नेऊन विकायची. यात लाजायचं असतं हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मग रूपक. सर म्हणाले, "रूपकात 'सारखी' जातं. दोन्ही एकच होतात. म्हणजे ही बोंबलासारखी नाही. ही बोंबीलच!"

पोरांनी बाकं बडवली. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, सूखा या गीला?" सरही हसले. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी फळा वाचत उभी. रूपक मात्र पक्कं समजलं.

त्या दिवसापासून माझं नाव गेलं. हजेरीला मी 'हजर' म्हटलं की मागून 'बोंबील' यायचं.

सहामाहीला प्रश्न आला, रूपकाचं उदाहरण द्या. पुस्तकातलं मला पाठ होतं. तरी हातानं लिहिलं फळ्यावरचंच: ही मुलगी बोंबीलच. का लिहिलं, देव जाणे. सगळे तेच लिहिणार, मग मी वेगळं कशाला, असं काहीतरी. सरांनी माझं ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. "बघा, जिचं तिलाच पटलंय. पैकीच्या पैकी!"

संध्याकाळी आई वलांडीवरचे बोंबील काढत होती. मराठीच्या एका उत्तराला पैकीच्या पैकी म्हटल्यावर तिचा चेहरा असा फुलला! पदराला हात पुसून तिनं पेपर घेतला. तिला वाचता येत नाही. उलटसुलट करून तिनं तो माझ्याच हातात दिला.

"काय लिवलंस एवरं? वाच ना, आयकू दे मना."

मी तोंड उघडलं. पेपरात लिहिताना हात अडला नव्हता, वर्गात ऐकताना मान खाली गेली नव्हती. आईपुढे जीभच उचलेना. ते वाक्य माझ्या एकटीवर नव्हतंच. तिच्यावर होतं, तिच्या दिवसभराच्या राबण्यावर. आणि अक्षर माझं होतं.

"न्हाय आई. चुकलंय ते."

"मंग गुण कसं दिलं?"

मी पेपराची घडी घालून दप्तरात टाकली.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले. "उभी राहा. आज अतिशयोक्ती."

मी बसून राहिले.

"ऐकू येत नाही?"

"येतं. उठणार नाही. मी उदाहरण नाही, सर."

सर म्हणाले, "माज आलाय हिला! हो बाहेर. माफी मागशील तेव्हाच आत."

मी दप्तर उचललं आणि बाहेर गेले. माफी मागितली नाही. धाडस वगैरे काही वाटलं नाही, सगळं बधिर होतं. उरलेले अलंकार व्हरांड्यात बसून, खिडकीतून ऐकून शिकले.

आता मी सिल्व्हर पार्कमध्ये एका ऑफिसात काम करते. तिथंही विचारतात, "किधर से आती हो?" तारोडी म्हटलं की एखादा गमतीनं नाक दाबतो. मी हातातलं काम थांबवते. "हात खाली घे," म्हणते. तो खाली येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहते.

कपडे अजून वलांडीशेजारच्या दोरीवरच वाळत घालते. दोरी हलवणार नाही.

शाळेच्या पेपरात एक प्रश्न असायचा, वाक्यात उपयोग करा. शब्दांचा करा. माझा करायचा नाही. माझ्या आईचा तर नाहीच नाही.