ट्यूलिपचा कांदा

कांद्याच्या पोत्यांचा वास आला की मला काश्मीरमधली ती ट्यूलिपची बाग आठवते. बायकोला ती एकदा पाहायची होती. तिचे थोडेच दिवस उरलेत, हे डॉक्टरांनी मला एकट्यालाच सांगितलं होतं. तरी दहावीचे पेपर तपासून मगच मी सोलापूर सोडलं. पोचलो तेव्हा बहर संपला होता. माळी सुकलेली फुलं खुडत होता. एखादा तरी फुललेला वाफा दाखवा म्हणून मी त्याच्या हातापाया पडलो. त्यानं उपटलेल्या एका रोपाखालचा कांदा बघून ती हसली, "अवो, कांदं बगायला हितवर आलो व्हय?" मग दमून खाली बसली. "पुढल्या साली पेपर घिऊ नका. लवकर येऊ." मी हो म्हणालो. यंदा पेपर घेतले नाहीत. घरात एकटाच बसून असतो.