डबीतलं भस्म

चष्मा आणि घड्याळाचा पट्टा धुवायला मी अल्ट्रासोनिक क्लीनर घेतला. वस्तू पाण्यात ठेवून बटण दाबलं की बारीक गुणगुण होते आणि फटींतला मळ सुटतो.

परवा ते यंत्र घेऊन मुरूम गावच्या घरी गेलो, तेव्हा आई तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसली होती. ते गळ्यात घालायची चांदीची डबी शेजारी रिकामी होती. डबी मूळची वडिलांची. त्यांना माती देताना त्यांचं लिंग त्यांच्यासोबत गेलं, डबी आईनं स्वतःकडे ठेवली. आई खूश होईल, या हौसेत मी न विचारता ती यंत्रात घातली. पाणी राखाडी झालं.

चकचकीत डबी आईनं उलटून पाहिली.

"कोपऱ्यातलं कुठं गेलं?"

"मळ होता, आई."

"मळ न्हाय. तुझ्या बापाच्या बोटाचं भस्म होतं. बापच धुऊन काढलास की."

पाणी अजून यंत्रातच आहे, एवढंच मी सांगितलं.

"मग मोरीत ओतू नको. बेलाला घाल."

घालून आलो तेव्हा ती स्वतःच्या कपाळावरचं भस्म बोटानं डबीच्या कोपऱ्यांत भरत होती. लिंग अजून डाव्या हातावरच होतं.