खरवडलेला बर्गर

टेलरमास्तरांचा राग अख्ख्या गल्लीला पाठ होता. गिऱ्हाईक "जरा सैल हवं होतं" म्हणालं की आधी कात्री टेबलावर आपटायची, दोन शब्द सुनवायचे, आणि मग सगळी शिवण उसवून पुन्हा शिवून द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. पण त्या दिवशी बर्गरच्या दुकानात शिरताना मास्तर चक्क नम्र होते. लेकीने आठवडाभर तशी तालीमच घेतली होती.

लेकीला अंडं चालत नाही. मागे कुणाकडे तरी केकचा तुकडा खाल्ला, तर ओठ सुजले, श्वास अडकला आणि थेट दवाखाना गाठावा लागला. बर्गरमधल्या पांढऱ्या मेयोनीजमध्येही अंडं असतं. म्हणून तिने बापाकडून घोकून घेतलं होतं, "नो मेयो, प्लीज. शी इज अ‍ॅलर्जिक टू एग." मास्तर इस्त्री फिरवताना तेच पुटपुटायचे आणि बायको विचारायची, "अहो, कुणाला शिव्या देताय?"

काउंटरवर दोन्ही वाक्यं न अडखळता पार पडली. तिथला तरुण स्क्रीनवर बोट मारत म्हणाला, "शुअर, सर." 'सर' ऐकून मास्तर दोन इंच रुंद झाले.

बर्गर आला. लेकीने वरचा पाव उचलला. आत मेयोनीजचा हा थर!

मास्तर तो घेऊन परत गेले. "सॉरी, सर," म्हणत तरुणाने बर्गर आत नेला आणि अर्ध्या मिनिटात आणून ठेवला. मास्तरांनी पाव उलटा केला. उसवलेल्या कापडावरची सुईची भोकं ओळखण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्यापासून काय लपणार? कडेला पांढरी रेघ, मधे सुरीने खरवडल्याच्या खुणा.

"तोच पुसून आणलास?"

"काढलंय ना काका सगळं." सरांचे काका झाले.

"काढलंय? पाटी आहे का ही, पुसायला?"

रांगेतून कुणीतरी कुरकुरलं, "अहो, एवढंसं तर राहिलंय. आटपा ना."

"एवढंसं? तिचा गळासुद्धा एवढासाच आहे!"

लेक मागून कुजबुजली, "बाबा, 'कॅन यू मेक अ फ्रेश वन, प्लीज' म्हणा."

मास्तरांनी ते अशा आवाजात म्हटलं की आतली कढईसुद्धा चपापली असेल. 'प्लीज' मात्र त्यांनी गिळलं.

मॅनेजर धावत आला. "सर, आम्ही नेहमी असंच काढून देतो. आजवर कुणाची तक्रार नाही."

मास्तरांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो जास्त भयंकर होता. "नेहमी? म्हणजे आजवर किती पोरांना हे खरवडून खायला घातलंत?"

मॅनेजर स्वतःच घाईघाईने आत वळला. नवा बर्गर हातमोजे बदलून, मास्तरांच्या डोळ्यांदेखत झाला. लेकीने चारी बाजूंनी तपासला आणि खायला बसली.

मास्तर बसले नाहीत. काउंटरपाशी उभे राहून बर्गर घेणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागले, "काही नको म्हणून सांगितलंत का? मग आधी उघडून बघा."

"सर, बसून घ्या ना," मॅनेजर काकुळतीला आला.

"मी उभाच बरा."

"बाबा, चला ना," लेक तोंडातला घास सावरत म्हणाली, "सगळे बघतायत."

"बघू देत. त्यासाठीच थांबलोय. तू सावकाश खा."